किल्लीच्या टॉर्चमध्ये लिथियम सेल: कोणता, कसा आणि कधी नाही

किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायचा टॉर्च बोटाएवढा, पण त्याच्या सेलचे प्रकार इतके की नवा माणूस दुकानात गोंधळतोच. "लिथियम द्या" एवढंच म्हटलंत तर इंदूरच्या महाराणी रोडवरचा दुकानदार एक सेल देईल, राजवाड्याजवळचा घड्याळवाला दुसरा देईल आणि ऑनलाइन मागवलात तर तिसराच हाती पडेल. तिन्हींवर लिथियमच छापलेलं असतं. त्यातला एक ३ व्होल्टचा, एक १.५ व्होल्टचा आणि एक ३.७ व्होल्टचा. सेल मापात बसला म्हणून घातला आणि टॉर्च जळाला, अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. सेल घेताना व्होल्ट आधी बघा, माप नंतर.

काय काय जवळ हवं

- साधा डिजिटल मल्टीमीटर. पिवळ्या रंगाचा डीटी-८३० सुद्धा पुरतो. डायल डीसी २० व्होल्टवर ठेवायचा.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानात घालायच्या कापसाच्या काड्या.
- सिलिकॉन ग्रीस, अगदी थोडं. खोबरेल किंवा व्हॅसलिन नको, काही प्रकारचं रबर त्याने फुगतं.
- चिकटपट्टी, पर्मनंट मार्कर आणि सुटे सेल ठेवायला झाकणाची प्लास्टिक डबी.
- टॉर्चसोबत आलेला कागद. तो फेकला असेल तर टॉर्चच्या अंगावर कोरलेलं मॉडेलचं नाव.
- ३.७ व्होल्टचा सेल वापरणार असाल तर कमी करंटचा लिथियम चार्जर. त्याबद्दल पाचव्या पायरीत.

१. आधी टॉर्च उघडा आणि जात ओळखा

बाजारात मुख्यतः तीन जाती आहेत. पहिली, दाबला की पेटणारा चपटा प्लास्टिकचा टॉर्च. त्यात चकतीसारखे बटण सेल असतात. दुसरी, पेनाच्या तुकड्यासारखा धातूचा टॉर्च. त्यात रिमोटचा बारीक सेल, म्हणजे एएए, एकच बसतो आणि बहुधा डोकं पिळून तो लावायचा असतो. तिसरी, यूएसबीवर चार्ज होणारा. त्याचा सेल आतच असतो आणि बाहेर काढता येत नाही.

दहा-वीस रुपयांच्या किचेनमध्ये आणखी एक प्रकार सापडतो: एकावर एक रचलेले तीन छोटे गोल सेल, एलआर४४ किंवा एलआर४१. हे लिथियम नाहीत, अल्कलाइन आहेत. प्रत्येकी १.५, मिळून ४.५ व्होल्ट. तिथे लिथियमचा हट्ट धरू नका. एलआर४४ असेल तर त्याच मापाचा सिल्व्हर ऑक्साइडचा एसआर४४ मिळतो, तो जास्त टिकतो. एवढं पुरे.

२. सेलवरचे आकडे वाचायला शिका

सीआर२०३२ मधला 'सी' म्हणजे लिथियम-मँगनीज डायऑक्साइड, 'आर' म्हणजे गोल, २० म्हणजे २० मिमी व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिमी जाडी. त्याच हिशोबाने सीआर२०१६ हा २० मिमी रुंद आणि १.६ मिमी जाड. सीआरवाले सगळे ३ व्होल्टचे आणि एकदाच वापरायचे.

त्याच जागी 'एलआयआर' असेल तर सेल चार्ज होणारा आहे आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो. सीआर आणि एलआयआर दिसायला जुळे भाऊ असतात, म्हणून अक्षरं नीट बघा. शिवाय एलआयआर२०३२ मध्ये साधारण ४० एमएएच (मिलीअँपिअर-तास, सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) मावतात आणि सीआर२०३२ मध्ये २२० च्या आसपास. किल्लीच्या टॉर्चसाठी एलआयआर घेण्यात फारसा अर्थ नाही.

१०४४० म्हणजे १० मिमी व्यास, ४४ मिमी लांबी, शेवटचं शून्य म्हणजे नळकांडं. एएए सेल १०.५ मिमी रुंद आणि ४४.५ मिमी लांब असतो. म्हणजे हा ३.७ व्होल्टचा सेल एएएच्या घरात आरामात शिरतो. सगळी भानगड इथेच होते.

३. बटण सेलचा टॉर्च: एक २०३२ की दोन २०१६?

दोन २०१६ एकावर एक ठेवले की जाडी नेमकी ३.२ मिमी होते, म्हणजे एका २०३२ एवढीच. कवचात दोन्ही तितकेच घट्ट बसतात. पण एकाचे ३ व्होल्ट आणि दोघांचे मिळून ६.

पांढऱ्या आणि निळ्या एलईडीला पेटायलाच ३ व्होल्टच्या आसपास लागतात, म्हणून चांगल्या पांढऱ्या टॉर्चमध्ये बहुधा दोन २०१६ असतात. त्यात एक २०३२ घातला तर उजेड मिणमिणता पडतो आणि लोक सेलला दोष देतात. लाल एलईडीला मात्र २ व्होल्टच्या आसपास पुरतात. तिथे ६ व्होल्ट दिलेत तर ती जाऊ शकते. म्हणून जुने सेल काढताना किती होते ते मोजा, आणि दुकानात "२० मिमीचा सेल" न म्हणता पूर्ण आकडा सांगा.

या टॉर्चमध्ये बहुतेक वेळा करंट अडवणारा रेझिस्टर नसतोच. एलईडीचे दोन पाय सेलच्या दोन तोंडांवर टेकतात, बस. करंट आवरण्याचं काम सेलचा स्वतःचा आतला रोध करतो. सेल वापरात उतरला की हा रोध वाढतो. म्हणून बटण धरून ठेवलं की उजेड उतरत जातो आणि थोडं थांबून दाबलं की पुन्हा वर येतो. टॉर्च बिघडला असं समजू नका, सेल संपत आलाय. यात दोन एलआयआर२०१६ घातले तर ८.४ व्होल्ट होतात आणि चार्ज होणाऱ्या सेलचा रोधही कमी. एलईडी वाचणं कठीण.

बदलताना:

अ) स्क्रू असेल तर बारीक पेचकसाने काढा. नसेल तर खाचेत नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने उचका.
आ) सेल धातूच्या चिमट्याने धरू नका, दोन्ही तोंडं जोडली जाऊन शॉर्ट होतो. कडेने बोटांत धरा.
इ) लिहिलेली सपाट रुंद बाजू अधिक (+). दोन सेल असतील तर दोघांची अधिक बाजू एकाच दिशेला. एक उलटा बसला तर व्होल्ट एकमेकांना खातात आणि टॉर्च पेटत नाही.
ई) दोन्ही सेल एकाच स्ट्रिपमधले, एकाच वेळी बदला. एक नवा आणि एक जुना ठेवला तर जुना पूर्ण उतरल्यावर नवा त्याच्यातून उलटा करंट ढकलतो.
उ) काही कंपन्या मुलांनी तोंडात घालू नये म्हणून सेलवर कडू लेप देतात. नवा सेल घालूनही टॉर्च पेटला नाही तर अल्कोहोलच्या काडीने सेलचं तोंड पुसून बघा.

मल्टीमीटरवर नवा सीआर ३ व्होल्टच्या वरच दिसतो. २.८ च्या खाली असेल तर दुकानातच परत करा. उलटं मात्र खरं धरू नका: मीटरवर ३ दाखवणारा जुना सेल टॉर्च पेटवताना लगेच ढेपाळू शकतो, कारण मीटर त्याच्यावर काही भारच टाकत नाही.

४. एएए टॉर्च: चार सेल, चार स्वभाव

इथे थांबून नीट वाचा, पैसे इथेच वाया जातात.

साधा अल्कलाइन. कुठेही मिळतो, पण किल्लीच्या टॉर्चचा खरा शत्रू हाच आहे. महिनोन्‌महिने पडून राहिला की गळतो, आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड आटे आणि स्प्रिंग खातं आणि सेल नळीत चिकटून बसतो. पावसाळ्यानंतर टॉर्च उघडलात आणि पांढरी भुकटी दिसली तर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात भिजवलेल्या काडीने पुसा, मग अल्कोहोलने, मग वाळवा.

१.५ व्होल्टचा लिथियम, एकदाच वापरायचा. यात लिथियम-आयर्न डायसल्फाइड असतं. एनर्जायझरचा अल्टिमेट लिथियम हा त्यातला ओळखीचा. वजन साडेसात ग्रॅमच्या आसपास, अल्कलाइनचं अकरा-बारा. क्षमता १२०० एमएएचच्या जवळपास, गळण्याची भीती जवळजवळ नाही आणि वर्षानुवर्षं पडून राहिला तरी चालतो. नवा सेल मीटरवर १.७ ते १.८ दाखवतो, त्याने घाबरू नका, एएए टॉर्चला तो चालतो. याचे व्होल्ट शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतात, त्यामुळे मीटर लावून किती उरलाय ते कळत नाही. नाव लिथियम असलं तरी हा चार्ज करायचा नाही. चार्जरमध्ये घातला तर फुटू शकतो.

निकेल मेटल हायड्राइड, म्हणजे १.२ व्होल्टचा चार्ज होणारा नेहमीचा सेल. ७५० ते ८०० एमएएच. लिथियम नाही, तरी रोजच्या वापराला आमचं मत यालाच.

१०४४०, ३.७ व्होल्टचा लिथियम-आयन. उजेड भसकन वाढतो म्हणून लोक याच्या मागे लागतात. पण हिशोब करा. खरा १०४४० साधारण ३५० एमएएचचा, म्हणजे ३.७ गुणिले ०.३५, जेमतेम १.३ वॉट-तास. १.५ व्होल्टच्या लिथियममध्ये १.८ आणि निकेलमध्ये ०.९. म्हणजे १०४४० ने टॉर्च जास्त प्रखर होतो, जास्त वेळ चालेलच असं नाही. प्रखर मोडवर तर लवकरच संपतो. कुणी ६०० किंवा १००० एमएएच छापलेला १०४४० दाखवला तर तो पाकिटासकट परत करा. एवढ्याशा नळीत तेवढं मावत नाही.

पाचवा एक निघालाय: पोटात यूएसबी-सीचं भोक असलेला १.५ व्होल्टचा लिथियम एएए. आत लिथियम-आयनच असतो, पण एक सर्किट व्होल्ट उतरवून १.५ वर धरून ठेवते. टॉर्चला धोका नाही. गैरसोय अशी की संपताना उजेड मंद होत नाही, बहुतेकदा फटकन जातो. अंधारात जिना उतरताना ते बरं नाही.

तर निवड कशी करायची? लाइट गेली की, जिन्यात, पार्किंगमध्ये असा रोज वापर असेल तर निकेल. टॉर्च वर्षातून चार वेळा लागणार आणि बाकी वेळ जुडग्यात लोंबणार असेल, किंवा जानापावच्या डोंगरावर पहाटे अंधारात चढायला सुटा सेल हवा असेल, तर १.५ व्होल्टचा लिथियम. १०४४० फक्त टॉर्च बनवणाऱ्याने तसं लिहून दिलं असेल तरच.

५. १०४४० घालायचाच असेल तर

एएए टॉर्चच्या डोक्यात एक छोटी सर्किट असते, ती दीड व्होल्टचे तीन करते. आत आधीच चार व्होल्ट आले तर तिला वाढवायला काही उरत नाही. साध्या सर्किटमध्ये मग करंट कॉइल आणि डायोडमधून थेट एलईडीत शिरतो, वाटेत त्याला कुणी अडवत नाही. कधी एलईडी लगेच निळी पडून जाते, कधी दोन मिनिटं झकास चालते आणि मग सर्किट जळते. "माझ्या टॉर्चमध्ये तर चालला" असं सांगणारे पुष्कळ भेटतील. तो किती दिवस चालला तेही विचारा.

अ) कागदावर '१०४४०' किंवा '०.९ ते ४.२ व्होल्ट' असं स्पष्ट लिहिलेलं शोधा. नुसतं 'एएए' किंवा '१.५ व्होल्ट' असेल तर विषय संपला.
आ) सेलचं अधिक टोक बघा. सपाट टोकाचा सेल काही टॉर्चमध्ये टेकतच नाही, कारण उलटा सेल लागू नये म्हणून आतला संपर्क खोल ठेवलेला असतो. उंचवटा असलेला घ्या.
इ) अधिक टोक डोक्याकडे. पहिल्यांदा अर्धा भरलेला, ३.७ व्होल्टच्या आसपासचा सेल घाला.
ई) तीस सेकंद पेटवा. मोड बदलून बघा. सगळे मोड सारखेच प्रखर दिसत असतील तर सर्किटचा ताबा सुटलाय, लगेच काढा.
उ) चाललाच तरी प्रखर मोड मिनिटभरापेक्षा जास्त नको. ३५० एमएएचच्या सेलमधून एक अँपिअर ओढणं म्हणजे त्याच्या क्षमतेच्या तिप्पट वेगाने उपसा. नळी हातात धरवेनाशी झाली तर आतला सेलही तितकाच तापलेला असतो.
ऊ) उजेड मंदावला की थांबा. या मापाच्या बहुतेक सेलना संरक्षक सर्किट नसते. मीटरवर ३.५ दिसले की चार्जिंगला लावा. एकदा २.५ च्या खाली गेलेला सेल पुन्हा भरायचा नाही, टाकून द्यायचा.

चार्जिंगबद्दल. निकेलचा चार्जर आणि लिथियम-आयनचा चार्जर यांची अदलाबदल कधीही नाही, कुठल्याच दिशेने. मोठ्या लिथियम सेलचे चार्जर ५०० मिलीअँपिअर किंवा १ अँपिअर देतात, ते या सेलला फार होतात. १५० ते १७५ च्या आसपासचा करंट हवा आणि ४.२ व्होल्टवर तो आपोआप थांबायला हवा. हात चालत असेल तर टीपी४०५६ या चार्जिंग चिपचं तयार मॉड्यूल घ्या. ते मुळात १ अँपिअर देतं, कारण त्यावर '१२२' छापलेला १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो. तो काढून १० किलोओहमचा लावला की करंट १३० मिलीअँपिअरवर येतो. सोल्डरिंगची सवय नसेल तर जेल रोडवर मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडून हा रेझिस्टर बदलून घ्या, त्यांना हे रोजचं काम. रिकामा सेल भरायला तीन तासांच्या वर लागतील. तेवढा वेळ घरात असाल तेव्हाच लावा, फरशीवर किंवा स्टीलच्या ताटात, गादीवर नाही.

आणखी एक, आणि हे टाळू नका: १०४४० वर मार्करने ठळक '३.७, रिमोट नाही' असं लिहा. घरात आजींनी टीव्हीच्या रिमोटमध्ये पूर्ण भरलेले दोन घातले तर तिथे ३ च्या जागी ८ व्होल्ट पोहोचतील.

६. सेल आतच असलेला यूएसबी टॉर्च

इथे निवडायचं काही नाही, सांभाळायचं आहे. टॉर्च वापरात नसला तरी तीन-चार महिन्यांनी एकदा चार्ज करा, पूर्ण रिकामा पडून राहिला तर सेल मरतो. टाइप-सी तोंड असूनही टॉर्च मोबाइलच्या नव्या चार्जरवर भरत नसेल तर तो बिघडलाय असं धरू नका. स्वस्त टॉर्चमध्ये चार्जरला ओळख देणारे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात, त्यामुळे दोन्हीकडे सी असलेल्या केबलवर वीज सुरूच होत नाही. एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेली केबल लावा, भरेल. कवच फुगलं किंवा जोड उघडा पडला तर चार्जिंग कायमचं बंद.

७. उन्हाळा आणि खिसा

इंदूरच्या मे महिन्यात बाहेर ४० च्या वर पारा असतो आणि उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो. लिथियम-आयन ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. दुपारी गाडीत राहिलेला टॉर्च आणून तसाच चार्जिंगला लावू नका, घरात थंड होऊ द्या. गाडीत किंवा स्कूटरच्या डिक्कीत टॉर्च ठेवायचाच असेल तर १.५ व्होल्टचा लिथियम ठेवा. तो ६० अंशांपर्यंत वापरायचा म्हणून बनवलेला असतो. तरी डॅशबोर्डवर नको.

पिळून पेटणारा टॉर्च खिशात आपोआप लागतो. डोकं पाव-अर्धा फेरा जास्त सैल करून ठेवा. आटे दोन महिन्यांनी अल्कोहोलने पुसा, रबर रिंगला ग्रीसचं बोट लावा. उजेड लुकलुकत असेल तर दहातले आठ वेळा नळीची काळवंडलेली कड हेच कारण निघतं, सेल नाही.

सुटा सेल किल्ल्यांसोबत खिशात टाकू नका. डबीत, टोकांना चिकटपट्टी लावून. विमानाने जाताना सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात नाही.

८. घरात लहान मूल असेल तर

२० मिमीचा बटण सेल मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं, आणि त्यासाठी सेल फुटावा लागत नाही. ओलाव्यात करंट वाहतो आणि तिथेच क्षार तयार होतो. उतरलेला, टॉर्च न पेटवणारा सेलही हे करू शकतो. म्हणून स्क्रू नसलेला बटण सेलचा टॉर्च मुलाच्या हाती खेळायला देऊ नका.

गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, एम.वाय. किंवा जे जवळ असेल तिथे, आणि एक्स-रे मागा. उलटी करवू नका, खायला देऊ नका. मूल एक वर्षावरचं असेल, गिळता येत असेल आणि १२ तास उलटले नसतील तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे, म्हणजे १० मिली मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मध शोधण्यात वेळ घालवू नका. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही. सेलचं पाकीट किंवा जोडीचा दुसरा सेल सोबत न्या, डॉक्टरांना माप कळतं.

९. संपलेला सेल

अल्कलाइन असो वा लिथियम, दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा. बटण सेल तर पूर्ण गुंडाळा, कारण दोन 'संपलेले' सेल एकमेकांना टेकूनही तापतात. महापालिकेच्या कचरा गाडीला ओल्या-सुक्यासोबत घातक कचरा आणि ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो. गाडीवाल्याला "सेल आहेत" असं सांगून त्यात टाका. सुक्या कचऱ्यात गेलेला लिथियम सेल पुढे दाबयंत्रात चिरडला की पेटू शकतो. फुगलेला यूएसबी टॉर्च असेल तर तो गाडी येईपर्यंत कोरड्या वाळूच्या डब्यात, गॅलरीत ठेवा.